रंगाची पट्टी

माझी लेक जो खेळ खेळते तो सुरू व्हायच्या आधीच बघणारा माणूस दमतो. आधी आपलं पात्र तयार करायचं असतं. कपाळ किती रुंद, भुवयांत अंतर किती, नाकाचं टोक वर की खाली, कानाची पाळी सुटी की चिकटलेली, सगळं आपण ठरवायचं. प्रत्येक गोष्टीला स्क्रीनवर एक आडवी पट्टी, पट्टीवर एक मणी, आणि तो मणी इकडून तिकडे सरकवत बसायचं. तिने हा खेळ घेतला त्या शनिवारी ती नाश्ता करून नाकाला बसली, ती जेवायची वेळ झाली तरी नाकच चालू होतं. हाका मारून माझा घसा बसला.

"अगं, खेळ कधी सुरू होणार तुझा?" मी शेवटी विचारलं.

"धिस इज द गेम, मॉम," ती मान न वळवता म्हणाली.

बारा वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आता आम्हा दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही. मोठ्यांचं आपसातलं मराठी तिला किती कळतं याचा मात्र मी कधी नीट विचार केला नव्हता. भाजी आण, दिवा लाव, झोप आता, एवढं कळतं हे माहीत होतं.

तर खेळ असा. जगभरातली पोरं आपापलं पात्र घेऊन इंटरनेटवरच्या एका काल्पनिक मुलखात उतरतात. तिथे गावं असतात, कामगिऱ्या असतात, राक्षस असतात. राक्षस मारण्यात माझ्या लेकीला काडीचा रस नव्हता. त्या मुलखातल्या बऱ्याचशा वस्तू खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या असतात. घरं, कपडे, पूल, दिवे, केस. कुणी एखादा दिवा बनवला आणि खेळवाल्यांनी तो तपासून मंजूर केला, की दुसऱ्या कुणालाही तो आपल्या घरात लावता येतो आणि खाली बनवणाऱ्याचं नाव येतं. हिला ते नाव यायला हवं होतं.

मी इथे सनीव्हेलमध्ये सॉफ्टवेअरमध्येच आहे. वापरणाऱ्याला काय काय बदलता आलं पाहिजे, यावर आम्ही ऑफिसात इतका काथ्याकूट करतो की विचारू नका. मागे एका बटणाचा निळा किती निळा असावा यावर अख्खा महिना गेला होता. दिवसभर ते करून घरी यायचं आणि जेवणाच्या टेबलावर पुन्हा तेच बघायचं, हे माझ्या जिवावर येई.

नाक झालं, हनुवटी झाली, आणि सगळ्यात शेवटी ती अंगाच्या रंगाच्या पट्टीकडे आली. मला वाटलं, चला, आता तरी सुटलो. तिने लॅपटॉप उचलून खिडकीशी नेला, डावं मनगट स्क्रीनला टेकवलं आणि उजव्या हाताने मणी सरकवायला लागली. थोडा पुढे, किंचित मागे, परत पुढे. आपलं मनगट आणि स्क्रीनवरचा हात यांच्या मधली कड उन्हात दिसेनाशी होईपर्यंत तिने सोडलं नाही. वरण गार होत होतं, आणि मी बघत उभी होते. त्या पट्टीवर कुठेही काही लिहिलेलं नव्हतं. एका टोकाला दुधासारखा रंग, दुसऱ्या टोकाला काळ्या तिळासारखा, आणि मधले सगळे नुसते एकातून एक निघालेले.

मी नागपूरला वाढले त्या घरात या पट्टीवरच्या एकेका जागेला नाव होतं. गोरी. निमगोरी. गव्हाळ. उजळ सावळी. सावळी. त्याच्या पुढे गेलं की रंगाचं नाव काढायचं नाही, "नाकीडोळी नीटस आहे हो" म्हणायचं. मी नाकीडोळी नीटस होते. माझी लेक माझ्यावर गेली आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी आई सहा महिन्यांसाठी आली. बाबा गेल्यापासून ती वर्षाआड येते. आल्या दिवसापासून तिचं सुरू होतं. इथल्या हवेने हातापायांची सालं निघतात. फोडणी दिली की छतावरचा भोंगा बोंबलतो. रस्त्याने माणूस म्हणून दिसत नाही. दूध आठवडा झाला तरी नासत नाही म्हणजे ते दूधच नाही. ती म्हणते त्यातलं बरंचसं खरं असतं आणि म्हणून जास्तच वैताग येतो. सकाळी ती साडीवर बूट घालून पार्कात जाते. तिथे मुलांकडे आलेल्या आणखी आज्या भेटतात. एकमेकींना आपापल्या सुना-लेकींच्या तक्रारी सांगून त्या ताज्यातवान्या होऊन घरी येतात.

आई गोरी आहे. आमच्या गल्लीत तिच्या गोरेपणाचं कौतुक होतं, आणि माझ्याकडे एकदा नजर गेली की ते कौतुक जरा वाढायचं.

दुपारी नात शाळेतून आली की आजी चहाचा कप घेऊन तिच्या शेजारी खुर्ची ओढायची. लेक तेव्हा केसांच्या मागे लागली होती. खेळात वेणी म्हणून जी मिळायची ती पाहून आईने नाक मुरडलं.

"ही काय वेणी आहे? सुंभ आहे नुसतं."

"व्हॉट्स सुंभ?"

"नारळाची दोरी. थांब, तुला दाखवते."

माझ्या कपाटातल्या पाच ओढण्या काढून तिने जेवणाच्या खुर्चीच्या पाठीला बांधल्या आणि नातीला पाचपेडी वेणी शिकवायला बसली. कुठला पेड वरून, कुठला खालून, कुठे सैल सोडायचं, कुठे आवळायचं. लाल वरून, पिवळा खालून. माझी वेणी घालताना ही बाई केस असे ओढायची की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि वर "हलू नको" म्हणून पाठीत धपाटा. इथे ओढण्यांशी बोलताना तिच्या आवाजाला साखर चिकटली होती. कितीतरी दिवस त्या खुर्चीवर कुणाला बसता आलं नाही. नवरा पाहुण्यासारखा सोफ्यावर ताट घेऊन जेवायचा. कुकरच्या शिट्ट्या कुणीच मोजत नव्हतं. दोघी मिळून घर डोक्यावर घेत होत्या आणि मी ऑफिसातून येऊन कपबशा गोळा करत होते.

पण वेणी झाली. लेकीने एकेक पेड कॉम्प्युटरवर घडवला, आजीने मागे बसून चुका काढल्या, आणि वेणीला "आजी" असं नाव देऊन ती पाठवली. सोबत मोगऱ्याचा गजरा पाठवला. वेणी मंजूर झाली. गजरा तपासणाऱ्यांना कळलाच नाही. त्यांनी तो पॉपकॉर्न समजून खाद्यपदार्थांत टाकला.

"पॉपकॉर्न?" आई म्हणाली. "बाप्पा. डोळे आहेत का त्यांना?"

लेकीने चिकाटीने त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं, तेव्हा कुठे गजरा खाण्यातून डोक्यावर आला. मग कुठली कुठली पोरं, कुणी शिंगं असलेली, कुणी पंखवाली, पाचपेडी घालून फिरायला लागली. आईने पार्कात जाहीर केलं की माझ्या नातीची वेणी साऱ्या जगात घालून राहिले लोक.

मग लेकीने आजीचंही पात्र केलं. अगदी हुबेहूब. जाड चष्मा, नाकातली चमकी, अंबाडा, गालावरचा तीळ, आणि सुरकुत्या, सगळ्या. आईला सुरकुत्या मान्य नव्हत्या.

"इतकी म्हातारी काहून केली मला? थोड्या कमी कर ना."

"नो, आजी. देन इट्स नॉट यू."

आई कुरकुरली, पण मला दिसत होतं की ती मनातून सुखावली होती. त्या खेळात प्रत्येकाच्या घरात एक आरसा असतो. पात्राला आरशासमोर उभं केलं की त्याचं रूप बदलता येतं. आई रोज आपल्या पात्राला तिथे उभं करून चष्म्याच्या फ्रेमा बदलून पाहायची. माऊस कसा धरायचा, मणी कसा सरकवायचा, सेव्ह कसं करायचं, सगळं नातीने मोठ्या मायेने शिकवलं. मी सहा वर्षं तिला व्हिडिओ कॉल शिकवते आहे, अजून छताचाच फोटो दिसतो.

त्या मुलखात अधूनमधून एक मेळा भरतो. ज्यांनी वस्तू बनवल्या ते आपापल्या दुकानाशी उभे राहतात, बाकीचे येऊन बघतात, घालून पाहतात, बोलतात. आईने त्याला जत्रा म्हटलं आणि आमच्याकडे तेच नाव पडलं. लेकीला जत्रेत दुकान मिळालं. शनिवारी दुपारी. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता.

त्या सकाळी मी लेकीला नेहमीप्रमाणे पोहायला घेऊन गेले. आई आली नाही. मला तयारी करायची आहे म्हणाली. मला वाटलं, शिरा वगैरे करत असेल. नागपूरला घरात कुठलंही कार्य असलं की माझी तयारी आई भल्या पहाटेपासून सुरू करायची. डाळीचं पीठ, साय, हळद, आणि चोळून चोळून आंघोळ. मग तोंडाला पावडर. पावडर हनुवटीपाशी संपायची, त्यामुळे लहानपणीच्या सगळ्या फोटोंत माझ्या मानेवर दुसऱ्याच कुणाचं तरी डोकं आहे.

आम्ही घरी आलो तेव्हा शिरा झालेला होता. लेक ओल्या केसांनीच लॅपटॉपकडे धावली. जत्रा सुरू झाली होती. आई तिच्या मागे हात जोडून उभी राहिली, बक्षीस समारंभात उभे राहतात तशी.

दुकान सजलेलं होतं आणि दुकानाशी लेकीचं पात्र उभं होतं. अर्धा दिवस घालवून बसवलेलं तेच नाक, तीच हनुवटी, पाठीवर पाचपेडी, पाचपेडीत गजरा. रंग मात्र आईचा. म्हणजे माझ्या आईचा, दुधासारखा.

लेकीला आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाचं पात्र उघडलं. मग तिने मागे वळून पाहिलं. "आजी, डिड यू डू धिस?"

"सरप्राइज," आई म्हणाली. हा शब्द तिने खास तयार ठेवला असावा. "कशी गोड दिसून राहिली बघ. आता बघ कसे येतात सगळे."

"आई, हे काय करून ठेवलंस?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. मग लेकीला म्हटलं, "तू आत्ताच्या आत्ता आरशासमोर जा गं, आणि बदल."

पण जत्रा चालू असताना दुकानदाराला आरसा बंद असतो. लेक स्क्रीनकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल किंवा आदळआपट करेल. मी त्याचीच वाट बघत होते.

"इट्स फाइन, मॉम," ती म्हणाली. "आजी फिक्स्ड मी."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तिने ते सरळपणे म्हटलं, आपल्यातली एक चूक कुणीतरी दुरुस्त करून दिल्यावर म्हणतात तसं. जत्रा चांगली झाली. पोरं येत होती, वेणी घालून गोल फिरत होती, लेक दोन्ही हातांनी टाइप करत होती आणि आई सगळ्यांना शिरा वाढत होती. माझी वाटी मी तशीच झाकून ठेवली.

संध्याकाळी मी म्हटलं, आता बदल. ती म्हणाली, लेटर. रविवारी म्हटलं, तेव्हाही लेटर. मधल्या दिवसांत मी सोडून दिल्यासारखं केलं, कारण जास्त ताणलं की ही पोर तुटेपर्यंत ताणते हे मला माहीत आहे. नंतर पुन्हा विचारलं तेव्हा तिने हेडफोन काढून शांतपणे सांगितलं, "मोअर पीपल से हाय नाऊ."

मी तिला समजावलं. तुझी वेणी लोकांना आवडली, जत्रेत तुझी ओळख झाली, म्हणून लोक हाय करतात. दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं नसतं. ऑफिसात हेच मी मोठमोठ्या माणसांना पटवून देते. ती खांदे उडवून पुन्हा हेडफोन घालून बसली.

नवऱ्याला सांगितलं. तो पुण्याचा, प्रत्येक गोष्टीत तत्त्व शोधणारा. "तिचं पात्र आहे, तिचा चॉइस आहे," तो म्हणाला. "आज पांढरी आहे, उद्या निळी होईल. आपण कशाला मध्ये पडा?"

निळी झाली असती तर मी पेढे वाटले असते. त्याला एवढंही कळू नये याचा मला आईपेक्षा जास्त राग आला. पण तो तरी काय करणार, त्याला कुणी कधी डाळीच्या पिठाने घासलेलं नाही.

मग पुढचा शनिवार उजाडला. मी पोहण्याची पिशवी भरून गाडीची किल्ली हातात घेऊन दाराशी उभी, आणि लेक खोलीतून बाहेर येईना. या मुलीला पाण्यातून बाहेर काढायला शिट्टी मारावी लागते. मी आत गेले तर ती पलंगावर बसून आपले दंड न्याहाळत होती.

"आय डोंट वॉन्ट टू गो. इट्स आउटडोर," ती म्हणाली. "आय डोंट वॉन्ट टू गेट डार्कर."

मी किल्ली खिशात टाकली आणि थेट स्वयंपाकघरात गेले. आई टेबलाशी बसून मेथी निवडत होती.

"ती पोहायला येत नाही म्हणते. काळी पडेन म्हणते."

"मग राहू दे एखाद दिवस," आई म्हणाली. "इथलं ऊन तरी किती कडक आहे."

जन्म नागपुरात काढलेली बाई सनीव्हेलच्या उन्हाला कडक म्हणत होती. माझं डोकं फिरलं.

"आई, तुला कळतंय का तू काय केलंस ते?"

"काय केलं? खेळातलं तर आहे ते. बाहुलीला पावडर लावली असं समज."

"ती बाहुली नाही. तिने स्वतःचं मनगट लावून तो रंग काढला होता. सुरकुतीसुद्धा कमी करू दिली नाही तिने तुला. आणि तू तिच्या पाठीमागे तिचं कातडंच बदललंस."

आई मेथीची जुडी बाजूला ठेवून माझ्याकडे बघायला लागली. "वाईट व्हावं म्हणून केलं का मी? तुला लहानपणी घासत होती ते काय मला हौस होती? किती जणांनी नकार दिला तुला, विसरली? तुझ्या बाबांचं तोंड बघवत नव्हतं. फोटोवाल्यासमोर बसून तुझा फोटो उजळ करून घेतला तेव्हा कुठं जावई बघायला तरी आले. तुझ्यासारखं तिच्या वाट्याला येऊ नये, एवढंच वाटते मला."

"माझ्यासारखं म्हणजे कसं?"

आई पुन्हा मेथी खुडायला लागली.

"नाही, सांग ना. घर आहे, नोकरी आहे, नवरा आहे, पोर आहे. तू आलीस की तुझं सगळं बघते. माझ्यात कमी काय आहे, एकदाचं सांगून टाक."

"काही कमी नाही तुझ्यात," आई म्हणाली. मग एक काडी बाजूला टाकत म्हणाली, "रंगच तेवढा."

इतक्या मायेने म्हणाली की मला ओरडताही येईना. सोडून गेलेल्या एखाद्या माणसाबद्दल बोलावं तसं हळहळून म्हणाली. मी चाळिशी ओलांडलेली बाई, ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं आहेत, आणि त्या दोन शब्दांनी मी परत न्हाणीघरातल्या पाटावर जाऊन बसले. मला रडू आलं. मी डोळे पुसायचाही प्रयत्न केला नाही.

लेक दारात उभी होती. लॅपटॉप छातीशी धरलेला. कधी आली होती कोण जाणे. तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर मला कळलं की दिवा लाव आणि भाजी आणच्या पुढचंही तिला सगळं कळतं, आणि बहुतेक नेहमीच कळत आलं आहे.

"आजी," ती म्हणाली, "आईचा रंग बॅड आहे?"

ती मराठीत बोलली. आई गडबडली. "नाही गं बाळा. असं कुठं म्हटलं मी?"

"पण माझा रंग सेम आहे."

लेक पुढे आली आणि निवडलेल्या मेथीवरच लॅपटॉप ठेवला. पात्र आरशासमोर उभं केलेलं होतं. गोरंपान, पाठीवर पाचपेडी.

"तू कर," ती आजीला म्हणाली.

"काय करू?"

"तू चेंज केलं ना. तू परत कर."

मी म्हटलं, "अगं, तूच कर ना पटकन." मला ते संपवायचं होतं. लेकीने माझ्याकडे पाहिलंही नाही. जुना रंग कुठे राहिलेला नव्हता, त्या खेळाला फक्त शेवटचं सेव्ह केलेलं आठवतं. तिने डावं मनगट स्क्रीनला टेकवलं आणि वाट बघत उभी राहिली.

आईने पदराला हात पुसले. माऊस धरला. मणी जरासा सरकवला, जेमतेम दिसेल न दिसेल इतका.

"झालं?"

"डार्कर."

आणखी जरासा.

"डार्कर, आजी."

मी समोरच्या खुर्चीवर बसून बघत होते. आईचा हात ज्या ज्या जागी थांबत होता त्या सगळ्या जागा मला पाठ होत्या. निमगोरीशी थांबला. गव्हाळपाशी बराच वेळ थांबला, आणि आईने मान वर करून नातीकडे पाहिलं, आता पुरे म्हणेल या आशेने.

"नो. डार्कर."

"अजून?"

"हात बघ ना माझा. तू हात बघतच नाहीस."

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग पहिल्यांदाच तिने नातीचं मनगट आपल्या हातात धरून उजेडाकडे केलं आणि नीट पाहिलं. पीठ आणि साय घेऊन तिने हा रंग वर्षानुवर्षं घासला, पण तो नेमका कसा आहे हे बघायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. आता ती वाकून बघत होती. मणी सरकवायची, मनगटाकडे बघायची, किंचित मागे घ्यायची, परत पुढे. सावळी मागे पडली. ज्याचं नाव घ्यायचं नसतं तिथे मणी गेला आणि तिथूनही थोडा पुढे. मनगट आणि स्क्रीन यांच्या मधली कड बारीक होत होत दिसेनाशी झाली.

"स्टॉप," लेक म्हणाली.

आईचा हात माऊसवर तसाच राहिला. तिने स्क्रीनकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, आणि मग टेबलावर मेथीच्या काड्यांत पडलेल्या माझ्या हाताकडे.

"हा तर तुझ्या आईचा रंग आहे," ती म्हणाली.

"आय नो," लेक म्हणाली.

मागच्या वेळी सेव्हचं बटण तिला एकटीला बरोबर सापडलं होतं. या वेळी बाण त्याच्यावर नेऊन ती थांबली, तेव्हा लेकीने तिच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं.